ठेका धरा अन् टाईप करा : पोरांच्या बोटांचा खेळ

मोबाईलवर आपली पोरं दोन अंगठ्यांनी भराभर लिहितात, पण कॉम्प्युटरपुढे बसवलं की एकेक अक्षर शोधत बसतात. पुढे लिपिक-टंकलेखकाची जागा निघाली की मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग प्रमाणपत्र मागतात. तेव्हाच्या धावपळीपेक्षा आत्ताच खेळता खेळता बोटं बसलेली बरी.

तालावरच्या टायपिंग गेममध्ये ठेका वाजतो, पडद्यावर अक्षर येतं, अन् ठेक्यावरच ते बटण दाबायचं. घाई केली तरी चूक, उशीर झाला तरी चूक.

मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड याला छान जुळतो. काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. ‘कापूस’ टाईप करून बघा. क उजवा, काना डावा, प उजवा, ऊकार डावा, स उजवा. हलगीवर दोन्ही हात पडतात ना, तसंच! ‘धुळे’ही असंच, फक्त ध अन् ळ ला शिफ्ट लागते. ‘जळगाव’ला मात्र पहिली तीन अक्षरं उजव्याच हाताला.

विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून हा मराठी कीबोर्ड फुकट जोडता येतो. गेम नसला तरी अडत नाही. शेजारी बसून टेबलावर टकटक करा, सुरुवातीला सेकंदाला एक अक्षर. चुका थांबल्या की मगच ठेका वाढवा.

क्लास लावणार असाल तर आधी लेआउट विचारा. जुन्या टाईपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टनमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात.