बादली भरायला किती सेकंद?

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी पंधरा लिटरची बादली घेऊन झऱ्यावर जातो. पन्हळीखाली बादली धरायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. दिवाळीत दहा सेकंदांत भरून वाहू लागलेली बादली यंदा मेमध्ये ७५ सेकंद घेत होती. मिनिटाला १२ लिटर. शहरातला भाऊ म्हणाला, ‘एवढ्यात काय होणार?’ त्याला नळाची सवय. झरा रात्रीही वाहतो. दिवसाचे १७,२८० लिटर होतात, आणि दीडशे पोफळी, चाळीसेक माड, दोन गुरं आणि स्वयंपाकघर त्यावर निघतं. अट एकच, रात्रीचं पाणी वाया जाता कामा नये. म्हणून दहा हजार लिटरचा हौद बांधला. संध्याकाळी सहाला बूच लावायचं, सकाळी सहाला काढायचं.

राजापूर तालुक्यातली आमची बाग सड्याच्या कुशीत आहे. इकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही जेमतेम चार महिन्यांत. सड्यावरचा जांभा भोकाभोकांचा, पाणी पिऊन घेतो. त्याच्याखाली चिकणमातीचा थर आहे, तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकत राहतं आणि उतारावर जिथे हा थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. आमचा झरा म्हणजे मुरलेला पाऊसच, सावकाश परत येणारा.

हे काकांना तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी एका मेमध्ये त्यांनी झऱ्याचं तोंड मोठं करायला घेतलं. ‘जरा खोल मारू, धार वाढेल.’ पहारीने दीड हात खणलं. दोन दिवस धार खरंच वाढली, आजीने पाण्यात हळदकुंकूही सोडलं. आठवड्याने तोंड कोरडं. पाणी खाली शेजाऱ्यांच्या काजूत निघालं होतं. पहारीने त्या मातीच्या थरालाच भोक पाडलं होतं. पुढे चिकणमाती आणून, पायांनी तुडवून, ठोकून ते बुजवलं. बहुतेक धार परतली. थोडी अजून काजूच्या मुळाशी झिरपते. शेजारी म्हणतात, ‘पाहुणं आलंय, राहू दे की.’

तेव्हापासून झऱ्याला हत्यार लावायचं नाही. दिवाळीनंतर गाळ काढतो तो हातांनीच. काठावर बसून हात आत घातला की आधी कुजलेल्या पानांचा लगदा लागतो, मग मुळ्यांची जाळी, मग एखादी चिडलेली कुर्ली. ती बोट धरते. सगळं निघाल्यावर तळाशी एका बोटाएवढ्या चिरेतून पाणी वर येताना दिसतं, आणि त्यावर वाळूचे कण उसळत असतात. हात त्यावर धरला तर गार धक्के लागतात. गाळ बसेपर्यंत पाणी हौदात सोडायचं नाही, एवढी घाई आवरावी लागते.

पोफळीचं खोड उभं चिरून, गाभा काढून केलेली पन्हळ झऱ्यापासून हौदापर्यंत येते. मी मध्यंतरी काळा पाइप टाकून बघितला. उताराच्या वाटेत तो एका खडकावर चढला, तिथे हवा धरून बसला आणि पाणी अडलं. पाइप कुठे कुठे उघडून हवा काढायची ते मला जमलं, पण रोज कोण करणार? पन्हळीत काय अडकलं ते डोळ्यांनी दिसतं.

वर सड्यावर चार वर्षांपूर्वी चिऱ्याची खाण सुरू झाली. जांभा कापून नेतात, म्हणजे पाणी मुरायची जागाच नेतात. धार त्यामुळेच कमी झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, दरवर्षीचा पाऊसही सारखा नसतो. पण हौदाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले मेचे आकडे आहेत. खाणीआधीचे ५८, ५७. नंतरचे ६१, ६६, ७०. यंदाचे ७५ त्याखाली लिहिले आणि बूच काढायला गेलो.