अटक झाली तर? आपले हक्क आणि वकिलाची निवड

शिक्षक व पालक मित्रांनो, मूलभूत हक्क आपण मुलांना शिकवतो. पण घरातल्या कुणाला पोलिसांनी अटक केली, तर त्यातलं नेमकं काय कामी येतं?

संविधानाचं कलम २२ लक्षात ठेवा. अटकेचं कारण सांगायलाच हवं, पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायलाच हवं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायलाच हवं. नातेवाइकाला कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. १८ वर्षांखालील मुलाला तर लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. कोऱ्या कागदावर मात्र कधीही सही करू नका.

वकील फौजदारी खटले चालवणारा बघा. जमिनीचे दावे बघणारा ओळखीचा वकील इथे कमी पडू शकतो. फी आधीच ठरवा. 'जामीन शंभर टक्के करून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. जामीन न्यायालय देतं, वकील नाही.

आणि पैसे नसतील तर? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतल्या व्यक्तीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.