यवतच्या डासांनी आधीच सांगितलं होतं

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या यवतमध्ये २००० साली एडीस इजिप्ती जातीचे डास पकडले गेले. डासांतून विषाणू काढायचा तर ते जातवार निवडून, गटागटानं थंड द्रवात खलतात, अर्क गाळतात आणि त्यात काही वाढतंय का ते पाहतात. यवतच्या डासांत चिकनगुनियाचा विषाणू निघाला. १९७३ची बार्शीची साथ ओसरल्यावर हा आजार देशातून जवळजवळ गेलाच, असं तेव्हा मानलं जात होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१मध्ये हा शोध प्रसिद्धही केला. पुढे २००५-०६मध्ये साथ उसळली आणि तेरा राज्यांत सुमारे तेरा लाख लोकांना तापानं आणि धरलेल्या सांध्यांनी घरी बसवलं. संस्थेनं मग जुने साठे उघडून जनुकक्रम ताडून पाहिले. १९६३ ते १९७३चे विषाणू आशियाई वाणाचे होते, नव्या साथीचा आफ्रिकी. आणि यवतचाही आफ्रिकीच! म्हणजे परका वाण साथीच्या निदान पाच वर्षं आधी दौंड तालुक्यात येऊन गेला होता.

इथं घाई करायचा मोह होतो. यवतमधूनच साथ पसरली, असं म्हणून टाकावंसं वाटतं. पण तोच साठा हा निष्कर्ष खोडतो. संपूर्ण जनुकक्रम लावल्यावर २००६चे भारतीय विषाणू हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या विषाणूंशी ९९.९ टक्के जुळले, यवतच्या विषाणूशी मात्र ९८.२ टक्केच. फरक आकड्यांत किरकोळ वाटतो, पण हा विषाणू तुलनेनं सावकाश बदलतो. १९६३ आणि १९७३चे आशियाई नमुने दहा वर्षांच्या अंतरानंही एकमेकांशी ९९.४ टक्के जुळतात. तेव्हा यवतचा विषाणू साथीच्या विषाणूचा बाप नव्हे, भाऊबंद ठरतो. जुना नमुना ‘विषाणू इथं होता’ एवढंच सांगतो. ‘इथूनच गेला’ हे सांगायला त्याच्या शेजारी दुसरे पुष्कळ नमुने ठेवावे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: शीतपेटीतल्या खुणांवर भरवसा किती ठेवायचा? १९५२मध्ये पुण्यात सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्रानं भारतीयांच्या रक्तद्रवाचे १९६ नमुने तपासले, त्यांपैकी ३३मध्ये झिकाला विरोध करणारी प्रतिपिंडं आढळली. तो अहवाल १९५४चा. पण डेंगी आणि झिका एकाच कुळातले, एकाची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. म्हणून त्या ३३ जणांना झिकाची लागण झाली होती, असं छातीठोक म्हणता येत नाही. हा आक्षेप खराच आहे, पण तो साठ्यावर नाही, रक्तद्रवात शोधलेल्या खुणेवर आहे. प्रतिपिंडांऐवजी विषाणूचा आरएनएच मिळाला तर गोंधळ पुष्कळ कमी होतो. त्यासाठी मात्र नमुना तापाच्या पहिल्या काही दिवसांतला हवा, उणे ऐंशी अंशांवर ठेवलेला हवा आणि मधल्या काळात वितळून पुन्हा गोठलेला नको.

ताज्या नमुन्यातून काय निघतं ते पाहायला बेलसरकडे येऊ. नीरा, जेजुरीमार्गे पुण्याला निघालं की जेजुरीच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत हे गाव लागतं. जुलै २०२१मध्ये तिथं तापाची लागण वाढली. आधीच्या तपासणीत चिकनगुनिया निघाला होता. उत्तर मिळालं म्हणून काम तिथंच थांबवता आलं असतं. पण संस्थेच्या पथकानं बेलसर आणि परिंचे इथले ४१ नमुने पुन्हा घेतले: २५ चिकनगुनिया, ३ डेंगी आणि एक झिका. राज्यातला झिकाचा हा पहिला नोंदलेला रुग्ण. विषाणू पहिल्यांदा दिसला, याचा अर्थ पहिल्यांदा आला असा होत नाही, आणि तो प्रश्न सोडवायला त्याआधीच्या पावसाळ्यांतले नमुने लागतात. पण बारामती-इंदापूरच्या कालव्याकाठच्या गावांत ताप आला की माणूस तो आधी दोन दिवस अंगावर काढतो, मग दवाखान्यात जातो, गोळ्या घेतो, बरा होतो. त्याचं रक्त काढलंच, तरी तपासणीनंतर उरलेलं टाकून दिलं जातं. डेंगी नाही, मलेरिया नाही, म्हणजे काही नाही, असं धरलं जातं. आणि नव्या विषाणूचा माग नेमका याच नमुन्यांत लागतो.

सगळं साठवायला पैसा कुठून आणायचा, असं कुणी विचारेल. सगळं साठवायची गरजच नाही. दर पावसाळ्यात काही ठरावीक दवाखान्यांतून, रुग्णाच्या संमतीनं आणि नावाऐवजी क्रमांक टाकून, निदान न लागलेल्या तापाच्या मोजक्या कुप्या ठेवल्या तरी पुरे. गाव, तारीख आणि ताप येऊन किती दिवस झाले, एवढं मात्र प्रत्येक कुपीवर हवं. यवतचा विषाणू कामी आला तो त्याच्यावर गावाचं नाव आणि साल होतं म्हणून.