दगडाचा भाव, मातीचा भाव

दुर्ग जिल्ह्यात अहिवाऱ्याला लागूनच नंदिनीची खाण आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणारी ही खाण शेजारी असल्यामुळे मोठे शेत विकताना इथला मालक मातीबरोबर दगडाचाही भाव मनात धरतो. हा हिशेब मुळातच चुकतो. छत्तीसगडच्या 1959च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे जमिनीखालच्या खनिजावर हक्क शासनाचा. विकले जाते ते शेत, त्यावरच्या विहिरी, बांध, झाडे.

खाण आली तर मोबदला मिळेलच, मग तो किमतीत का धरू नये, असे कोणी विचारेल. पण तो मिळेल तेव्हाच्या खातेदाराला, आणि कधी, हे कुणी सांगावे? त्या आशेवर दर चढवला की खरा शेतकरी मागे हटतो. उरतो तो तुकडे पाडणारा. आणि तुकडे पडले की एका विहिरीवर भिजणारे सलग शेत संपते. माझ्या मते तोटा खरा तिथेच आहे.

म्हणून भाव मातीचाच धरा, आणि सौद्याआधी प्रत्येक खसरा, म्हणजे जमिनीचा नोंदलेला तुकडा, कुणाच्या नावावर आहे ते पटवाऱ्याकडून तपासून घ्या. अधिसूचित आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असेल, तर कलेक्टरची परवानगी लागते.