लोणारचं पाणी घडवतं कोण?

शाळेच्या पुस्तकात परिसंस्थेचे दोन रकाने आखलेले असतात. एकात माती, पाणी, ऊन, क्षार हे अजैविक घटक. दुसऱ्यात वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव हे जैविक. परीक्षेपुरती ही वाटणी ठीक आहे. पाण्यात उतरलं की मधली रेघ पुसट होते, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला तर ती नेमकी कुठे ओढायची हेच कळेनासं होतं. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्यात पाणी येतं पावसाचं आणि झऱ्यांचं. बाहेर वाहून जायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन जातं. खडकातून विरघळून आलेला सोडा मागे राहतो आणि साठत जातो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर असतो, लोणारचा दहाच्या आसपास. सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात घेतलं की हे पाणी किती अल्कधर्मी आहे ते कळतं. इथल्या खारापासून काच आणि साबण बनत असल्याची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे.

इथवर सगळं निर्जीवाचं राज्य दिसतं. म्हणूनच कोणी म्हणेल, की आधी दगड आणि खार, जीव आले ते मागाहून, पाहुण्यासारखे. क्रमापुरतं हे खरं आहे. पण पाहुणे स्वस्थ बसलेले नाहीत. तळाच्या चिखलात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे काही जिवाणू सल्फेटवर गुजराण करतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो (काठावर येणाऱ्या सडक्या अंड्यांसारख्या वासाचं मूळ हेच) आणि पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढायला हातभार लागतो. म्हणजे ज्या खारेपणानं इतर जीवांना मज्जाव केला, त्यात जीवांचाही वाटा आहे. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि कारण निघालं हॅलोआर्किया हे खारप्रेमी सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खार वाढला, या जीवांना सुगी आली आणि त्यांच्या रंगद्रव्यानं तळं रंगलं. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच, पण त्या जीवांना बोलावलं होतं पाण्यानंच.

लोणार हा अपवाद, त्यावरून साध्या तळ्याचा नियम कसा काढायचा, हा आक्षेप रास्त आहे. मग गावतळंच घ्या. तीस अंशाच्या लिटरभर गोड्या पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. दिवसा शेवाळ त्यात भर घालतं, कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढवतं. रात्री तेच शेवाळ माशांसोबत ऑक्सिजन वापरू लागतं. शेवाळ माजलेल्या तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात ते यामुळे. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधारा बांधला, गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती वाढल्या आणि त्यांनी आणखी गाळ अडवला. आज तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. या दोन्ही ठिकाणी घटक तेच, फक्त लोणारइतके टोकाला गेलेले नाहीत.

रकाने मोडल्यानं संवर्धनाचा हिशेबही बदलतो. लोणार २०२० साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. तिथे जपायचं काय, असं विचारलं तर उत्तर बहुधा पक्षी किंवा मंदिरं असं येतं. तळ्यात जास्त गोडं पाणी आलं तर बिघडलं कुठे, असंही वाटू शकतं. पण गोडं पाणी वाढलं की खार पातळ होतो, खारावर जगणाऱ्यांची पकड सुटते आणि एरवी आत शिरू न शकणाऱ्या जीवांना दार उघडतं. सांडपाणी मिसळलं तर नायट्रोजन आणि फॉस्फरसही येतात. तळं तेव्हाही काठोकाठ भरलेलं दिसेल, कदाचित हिरवंगारही. फक्त ते लोणार नसेल.