फोल्डर जोडत नाही? आकडा वाचा!

आपल्या बेटावरील काही तरुण आज नोकरीनिमित्त दुबई, शारजा, अबू धाबी येथे राहतात. तेथील व आपली घड्याळे एकच वेळ दाखवतात, त्यामुळे संध्याकाळी फोनवर निवांत बोलणे होते. या बोलण्यात एक तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. कचेरीच्या फाइली विंडोज संगणकावरील सामायिक फोल्डरमध्ये असतात, आपला संगणक लिनक्सवर चालतो, आणि ते फोल्डर काही केल्या जोडले जात नाही.

वाचकहो, अशा वेळी घाबरू नये. संगणक नकार देतो तेव्हा बहुधा एक आकडाही देतो. तो आधी वाचावा.

आकड्याऐवजी ‘फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा’ असा संदेश आला, तर बहुधा सिफ्स-यूटिल्स हे पॅकेज बसवलेले नसते. २ आला, तर फोल्डरचे नाव तपासावे. १३ म्हणजे परवानगी नाही. येथे वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड व कचेरीचे डोमेन नीट लिहिले आहे का ते पाहावे. सर्व बरोबर असूनही दार उघडले नाही, तर व्यवस्थापकाकडे परवानगी मागावी. दुसऱ्याचा पासवर्ड कधीही वापरू नये. अमिरातीत २०२१ च्या ३४ व्या संघीय कायद्यानुसार परवानगीविना संगणकप्रणालीत शिरणे हा गुन्हा आहे. परक्या देशात पोटासाठी गेलेल्या मुलाने हे विसरून चालणार नाही.

सर्वांत फसवा आकडा ११२. संदेश म्हणतो, ‘समोरचा संगणक बंद आहे.’ तो तर चालू असतो! खरे कारण बहुधा भाषेचे असते. हे संगणक एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी प्रोग्रामने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर थैमान घातले. ब्रिटनमधील रुग्णालयांचेही काम अडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ४.१३ पासून ती आवृत्ती आपोआप वापरली जात नाही. जुन्या यंत्राला मात्र तेवढीच येते, म्हणून संवाद तुटतो.

‘व्हर्स=१.०’ लिहिले की काम होते, असे कोणीतरी सांगतो. होते खरे, पण चोराला ठाऊक असलेली खिडकी आपणच उघडतो. त्यापेक्षा जुने यंत्र सुधारून घ्यावे किंवा बदलावे आणि ‘व्हर्स=३.०’ वापरावे.

फोल्डर जोडले पण लिहिता येत नाही, तर ‘यूआयडी’ या पर्यायात आपला क्रमांक द्यावा. अरबी वा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर ‘आयओचारसेट=यूटीएफ८’ जोडावे. पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवून तिला ६०० ही परवानगी द्यावी, म्हणजे इतरांना ती वाचता येणार नाही.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो, प्रश्न नीट वाचला की अर्धे उत्तर मिळते. दूरदेशी असलेल्या आपल्या मुलांनाही हेच सांगू या.