टेबलामागचं क्षितिज

दिवाळीत मुलांनी अंगणात केलेल्या किल्ल्याचा फोटो बघा. बहुतेक वेळा बुरुजाच्या आधी त्याच्यामागे उभी असलेली मोटारसायकल डोळ्यांत भरते. मावळे नीट मांडलेले असतात, तटबंदी चोख असते, अळिवाची हिरवळ मन लावून उगवलेली असते. पण मागे दुचाकीचं चाक आलं की बुरुज वीतभर उंचीचा आहे हे उघडं पडतं. प्रतिकृती कितीही देखणी असो, फोटोत ती मोठी दिसणार की खेळणं वाटणार, हे तिच्यामागे काय आहे यावरच ठरतं.

माझ्या टेबलावर सध्या शहागडचा पूल आहे. सोलापूर–धुळे महामार्ग इथे गोदावरी ओलांडतो. अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. प्रमाण १:१०० धरलंय, म्हणजे खरा एक मीटर टेबलावर एक सेंटिमीटर. या हिशोबाने एक किलोमीटर दाखवायचा तर दहा मीटर लांब टेबल हवं. माझं टेबल मीटरभर खोल आहे, त्यावर शंभर मीटरांचाच मुलूख मावतो. नदीचा लांबचा काठ, उसाचे फड, गेवराईकडची सपाटी आणि सगळं आभाळ पडद्यावर रंगवूनच आणावं लागतं.

हे काम आपल्याकडे कुणी मोठ्या ताकदीने केलं असेल, तर ते कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी. हे दोघं सख्खे नव्हेत, नात्याने भाऊ; मूळ आडनाव मेस्त्री. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं एका सपाट कापडावर, आणि तेही शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला खोल वाटेल असं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांना सिनेमाने झपाटलं. स्वतःचा कॅमेरा बनवायचा त्यांनी ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पडदे रंगवण्यात ज्याने नाव कमावलं, त्याच माणसाने सिनेमात सपाट पडद्यावर भिस्त ठेवली नाही. खऱ्या जाडीचे, खोलीचे सेट उभे केले. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसतो, गॅसबत्तीच्या उजेडात पडद्याशी समजूत करून घेतो. कॅमेरा ती समजूत करून घेत नाही. नटाची सावली रंगवलेल्या आभाळावर पडली की आभाळाची भिंत होते. त्यात त्या काळच्या फिल्मला निळा रंग जवळजवळ पांढरा दिसे आणि लाल काळा. रंगमंचासाठी कालवलेलं सुरेख निळं आभाळ फिल्मवर कोरंच उतरायचं. कॅमेऱ्यासाठी रंगवायचं तर रंग विसरून उजेड-अंधाराच्या पायऱ्यांत विचार करावा लागे.

याच तालमीतून दामले आणि फत्तेलाल तयार झाले. त्यांनी इतरांसोबत काढलेली प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या चित्रपटांचं नेपथ्य म्हणजे फत्तेलालांचा हात. दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात, ते दृश्य आजही बघताना डोळा अडखळत नाही. जवळचं आणि लांबचं यांची सांगड नेमकी कशी घालायची, हे पडदे रंगवलेल्या हातांना पुरतं ठाऊक होतं.

टेबलावरच्या छोट्या पडद्यालाही तेच नियम लागू पडतात. पहिला नियम क्षितिजाचा. सपाट मुलखात क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. काठावर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटर वर. माझ्या प्रमाणात १.६ सेंटिमीटर. म्हणून लेन्सही काठापासून तेवढीच वर हवी, आणि पडद्यावरची क्षितिजाची रेघ नेमकी तिच्या पातळीत. मोठा कॅमेरा इतका खाली बसत नाही. मोबाइल उलटा धरला की लेन्स टेबलाला टेकते आणि काम होतं. शिवाय त्याच्या इवल्या लेन्समुळे पुढचा खांब आणि मागचा काठ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. लेन्स खाली आली की पूल आभाळावर उभा राहतो. हातभर उंचीवरून टिपला तर ड्रोनने काढल्यासारखा दिसतो, आणि मग क्षितिजही तितकंच वर न्यावं लागतं.

दुसरा हिशोब झाडांचा. पडदा लेन्सपासून दीड मीटरवर आहे. किलोमीटरभर लांब असलेलं दहा मीटर उंचीचं झाड त्यावर दीड सेंटिमीटरचं काढायचं, दोन किलोमीटरवरचं पाऊण सेंटिमीटरचं. हात नेहमी मोठं झाड काढायला जातो. पट्टी जवळ ठेवावी. लांबच्या झाडाला पानं नसतात, हिरवाही फारसा नसतो. मधल्या हवेमुळे ते निळसर करड्या पट्ट्यासारखं दिसतं, आणि तसंच रंगवायचं.

पडद्यासाठी मी तीन मिलिमीटरचा एमडीएफ घेतो आणि दोन्ही टोकं पुढे वाकवून कमान करतो, म्हणजे कोपरा राहत नाही. कोपरा दिसला की आभाळ संपलं. रंग मॅट इमल्शन. चकाकणारा रंग दिवा परत फेकतो. छापील फ्लेक्सचं दुखणं तेच. माथ्यावर निळा गडद, खाली येता येता पांढरा वाढवत न्यायचा, शेवटच्या चार बोटांत निळा जवळपास संपवून धुळीची किंचित पिवळसर छटा द्यायची. हे सगळं रंग ओला असताना, रुंद ब्रशने, आडव्या हाताने. प्रतिकृती आणि पडदा यांत किमान दीड फूट मोकळं सोडायचं, म्हणजे खांबांची सावली आभाळावर पडणार नाही. पुलासाठी सूर्य म्हणून एकच दिवा, पडद्याला वेगळा मऊ उजेड. ढग काढलेच, तर त्यांची उजळ बाजू दिव्याच्याच अंगाला हवी.

डोंगराळ भागातल्या माणसाला यातलं बरंच सोपं जातं. टेबल आणि पडदा यांची सांध एखाद्या टेकाडामागे लपते. शहागडला गोदाकाठ उघडा आहे. लपायला जागाच नाही. म्हणूनच मला हा पूल करावासा वाटला. इथे सांध फक्त रंगाच्या मेळाने बुजते: टेबलावरची काळी माती मागच्या कडेकडे फिकी करत न्यायची, आणि पडद्यावरच्या जमिनीची सुरुवात त्याच फिक्या रंगाने करायची.

रंगवण्याची हौस नसेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. अमेरिकेत मायकल पॉल स्मिथ यांनी १:२४ प्रमाणातल्या मोटारी आणि घरं टेबलावर मांडून, मागे खरा रस्ता, खरी झाडं धरून ‘एल्गिन पार्क’ नावाचं आख्खं काल्पनिक गाव साध्या कॅमेऱ्याने टिपलं. आपल्या दिवाळीच्या किल्ल्याला हे सहज जमेल, फक्त तो आधीच फळीवर बांधायला हवा. मग फळी गच्चीच्या कठड्यावर न्यायची, तिची मागची कड लांबच्या शेतांच्या रेघेवर आणायची, ऊन पाठीशी किंवा एका अंगाला घ्यायचं, मोबाइल उलटा करून मावळ्याच्या डोळ्याच्या उंचीवर टेकवायचा. कार्तिकातली सकाळची आठ-नऊची वेळ धरावी. ऊन तिरपं असतं, तटाच्या सावल्या लांब पडतात आणि क्षितिजावरची धूळ अजून वर आलेली नसते.